मुद्देमाल क्रमांक एकेचाळीस

दलाची स्मरणिका निघणार आहे. साहेब म्हणाले,
"बाई, युद्धानंतरची वर्षं दोन पानांत बसवा.
जरा स्फूर्तिदायक."
मी रेकॉर्डरूमची किल्ली घेतली.

सोलापुरातली दुपार. पत्र्याखाली कागदही घामेजतात.
दार उघडं राहावं म्हणून कुणीतरी, कधीतरी,
एक पितळी कळशी लावून ठेवलीय.
अकरा वर्षं मी तिला पायानं सरकवतेय.

सेवापुस्तक: इमामसाब वल्द हुसेनसाब नदाफ.
उंची पाच फूट सात. छाती बत्तीस, फुगवून चौतीस.
ओळखीची खूण: डाव्या कानाची पाळी अर्धी.
पूर्वीची नोकरी: पलटण, ब्रह्मदेश. भरती सेहेचाळीस.
त्या साली आलेल्या बहुतेकांची पूर्वीची नोकरी हीच.
जंगलातून परतले, मिलच्या भोंग्याला दचकत असतील,
तोवर दलानं पुन्हा बंदूक दिली, नवा बिल्ला दिला
आणि सांगितलं, आता शत्रू नाही, कायदा.
फरक समजावून दिल्याची नोंद सापडत नाही.

अठ्ठेचाळीस. सरहद्द इथून सायकलच्या अंतरावर.
नाक्यावर रात्रपाळी. पलीकडून येणाऱ्या बैलगाड्या,
त्यांत बायका, पोरं, गोणपाटात बांधलेलं जातं,
मागे एक म्हैस.
इमामसाबनं नावं उतरवून घेतली, अक्षर गोल, मोडीच्या वळणाचं.
एका रात्री नाक्यावर रझाकारांच्या गोळ्या आल्या.
शेरा: कर्तव्यात कसूर नाही. बक्षीस रुपये पाच.
हे स्मरणिकेत बसतं.

मग सप्टेंबर. फौज पुढं गेली, पाच दिवसांत आटोपलं.
मागून पोलीस गेले, ठाणी उभी करायला.
इमामसाबच्या वाट्याला जे गाव आलं
त्याचं नाव वाळवीनं खाल्लंय, शेवटचा 'गा' तेवढा उरलाय,
आणि त्या भागात गा-वर संपणारी गावं
मोजायला बसलात तर उजाडेल.

आता गाड्या उलट दिशेच्या.
बायका दुसऱ्या, पोरं दुसरी.
म्हैस तीच असावी.
डायरीत पुरुषांचा रकाना कोरा.

चावडीत चौकी. एक कंदील, एक टेबल, टेबलाला पाय तीन.
हुकूम: लुटीची भांडी गोळा करून ज्याची त्यास द्यावीत.
लोकांनी अंधारात आणून टाकली.
काही विहिरीतून निघाली, काही कडब्याच्या गंजीतून.
आपल्याकडे भांड्यांवर नावं असतात,
लग्नात टोचून घेतलेली, ठिपक्याठिपक्यांची,
त्यामुळं काम तसं सोपं.
कंदिलापुढं एकेक भांडं उलटं करून तो लिहीत गेला:
परात एक. तांबे दोन, पैकी एक चेपलेला.
बधना एक, तोटी नाही.
चाळीस भांड्यांपुढं अंगठे.
सगळे बायकांचे.

एकेचाळीस. कळशी, पितळी. तळाशी नाव उर्दूत.
शिपाई नदाफ यास उर्दू येते.
वाचले.

नुसतं वाचले. काय, ते नाही.
पुढं: हक्कदार हजर नाही. वाट पाहिली दिवस नव्वद.
मुख्यालयी जमा.

मी उठले. कळशी उचलली तसं दार धाडकन मिटलं.
अंधारात तळावरून बोट फिरवलं.
ठिपके होते.

बिनतारीच्या तांबोळीबाई उर्दू शाळेत शिकलेल्या.
त्यांनी खिडकीपाशी नेऊन पाहिलं, बराच वेळ,
पदरानं पुसून पुन्हा पाहिलं.
"बाईचंच आहे," एवढंच म्हणाल्या
आणि कळशी दोन्ही हातांनी खाली ठेवली.
मीही पुढं विचारलं नाही.

सेवापुस्तकाचं शेवटचं पान:
वर्तन चांगले. बोलणे कमी.

साहेबांना दोन पानं दिली. स्फूर्तिदायक आहेत,
नाका आहे, गोळीबार आहे, रुपये पाच आहेत.
कळशी आता कपाटावर.
दाराला वीट लावलीय,
पण विटेला ते नीट ठरत नाही.