बोजारा

लांजेवारचा कुकर करपला
की अख्ख्या गल्लीला वास जातो,
आणि साडेआठपर्यंत त्याच्या दारात तीन डबे.
झुणका. भरली वांगी.
ढवळेकाकूंच्या सांबारवड्या, पेपरात गुंडाळलेल्या, अजून गरम.
"एकटा पोट्टी सांभाळून राह्यला जी, बिचारा."

माझा कुकर मी वेळेवर बंद करते.
त्याबद्दल कुणी कधी काही बोललेलं नाही.

छत्रपती चौकात मेट्रोतून उतरायचं,
मानेवाड्याला जाणारी ऑटो भरेपर्यंत थांबायचं,
घरी येईस्तोवर साडेनऊ.
गेटची कडी मी हळूच लावते
तरी समोरच्या वरच्या मजल्यावर पडदा हलतो.
लांजेवार हिंगण्याहून साडेदहाला येतो.
त्याचा ओव्हरटाइम असतो.
माझा उशीर.

त्याची बायको सोडून गेली, रायपूरला.
गल्ली म्हणाली, अशी कशी बाई!
माझा नवरा सोडून गेला, कुठे ते माहीत नाही.
गल्ली म्हणाली, अशी कशी बाई.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी
तिकडे इतवारीत मारबत निघाली
इडापिडा घेऊन.
आमच्या गल्लीतली थोडी विसरली असावी.

निशांतच्या लाकडी बैलाला
मी रात्री एक वाजता बेगड लावली,
झूल शिवली जुन्या ब्लाउजची, काठाची.
अंगठ्यावर अजून फेविकॉलचं साल.
राजसीच्या बैलाचं एक शिंग निळं,
दुसरं रंगवायचंच राहून गेलेलं.
पहिलं बक्षीस तिला.
माइकवरून, "बापानं सजवला बरं का! जोरदार टाळ्या!"
मीही वाजवल्या.
बैल खरंच काही खास नव्हता.

मग पोरं दारोदार, बोजारा मागत.
ढवळेकाकूंनी राजसीच्या हातावर पन्नासची नोट ठेवली,
निशांतच्या हातावर दहाचं नाणं
आणि वर विचारलं,
"काहून रे, बाप येते का कधी?"
सहा वर्षांचा तो.
बैलाची दोरी ओढत म्हणाला,
"आमचा बैल थकला. जातो मी."

संध्याकाळी लांजेवार जिन्यात उभा.
माझ्या दारापासून तीन पायऱ्या खाली,
त्याच्या वर यायचं नाही, हे त्यालाही ठाऊक.
हातात मेडिकलची काळी पिशवी.
"राजसीला... म्हणजे आज पहिल्यांदाच...
दुकानदारानं दोन प्रकारचे दिले,
कोणते ते समजेना."
मग पायरीकडे बघत,
"ढवळेकाकूंना विचाराले गेलो होतो.
त्या म्हणे, पोरीले आता तिच्या मायकडे धाडून द्या.
बापापाशी बरं नाही दिसत."

पाच वर्षं हा माणूस
तिची नखं कापतो, तिचा ताप रात्रभर मोजतो,
तिची एक वेणी कानाच्या वर, एक खाली घालून शाळेत सोडतो
आणि शाळेच्या मॅडम म्हणतात, किती गोड.
एका दुपारीत तो गोडवा संपला.
मला वाटलं होतं, हे घडलं तर मला बरं वाटेल.

राजसीला आत घेतलं. दार लावलं.
जे माझ्या आईनं मला कधी सांगितलं नाही
तेही सांगितलं.
ती म्हणाली, "बाबा घाबरलेत का?"
म्हटलं, हो. तू?
म्हणाली, "पोट दुखतं. भूक पण लागली."

दार उघडलं तेव्हा
लांजेवार अन् निशांत पायरीवर बसून
दुसरं शिंग रंगवत होते.
निळा संपला होता. म्हणून हिरवं.
पडदा बाजूला होता,
पूर्ण.

आता त्याच्या दारात डबे येत नाहीत.
माझ्या दारात आधीही येत नव्हते, म्हणजे हिशेब सोपा झाला.
फक्त आठच्या सुमाराला
मी गॅलरीत जाऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते,
"लांजेवार! चौथी शिट्टी झाली! गॅस!"