सेम्प्रे द्रीत्तो

खजुरी बाजारात, कुंजी-गाइडांच्या ढिगात मिळालं
पाठीचा पुठ्ठा उडालेलं इटालियन व्याकरण.
तीस रुपये. आत फिकी शाई: मिस एल. कोतवाल, महू.
सातव्या धड्यापर्यंत खुणा तिच्या.
आठव्यापासून माझ्या.

रामबागेतल्या गॅलरीत मी आकडे घोकायचो,
सेत्ते, ओत्तो,
आतून वसुमती म्हणाली, अहो, हे तर प्राकृत!
सत्त, अट्ठ. लांबची का होईना, नात्यातली आहे.
(संस्कृतची मास्तरीण ती. नातं लागल्याशिवाय
तिला भाषा पचत नाही.)

साठीत गेलो एकदाचे, आठ दिवस.
सिएनात चुकलो.
एक गल्ली सरळ असेल तर शपथ, सगळी जिलबी,
आणि ज्याला विचारावं तो हात लांब करून म्हणे,
सेम्प्रे द्रीत्तो.
सरळ. सरळच जा.
गेलो. विहीर लागली. मग भिंत.
मग पुन्हा तोच न्हावी दारात,
सेम्प्रे द्रीत्तो!
वसुमती पायरीवर बसून इतकी हसली
की त्यानं आतून पाणी आणलं.

आता ती एकविसाव्या धड्यावर, लाल पेन घेऊन.
मी भूतकाळात अडकलोय.
त्यांच्याकडे दूरचा भूतकाळ वेगळा असतो म्हणे;
मिस कोतवाल त्यात मोडत असाव्यात.
गेल्या असतील का त्या कधी?

काल सराफ्याच्या तोंडाशी
एका परगावच्या पोरानं राजवाडा विचारला.
माझा हात आपोआप लांब झाला.
जे तोंडून निघालं ते त्याला कळेना.
"सीधे ना, भिया?"
सीधे, बेटा, सीधेच.
मधे दोन वळणं आहेत, ती सापडतील त्याला.