नऊ जणांची रांग

सप्टेंबरात साडेनऊ होती, पंचवीसपैकी.
जानेवारीत तेरा पूर्णांक एक.
विश्रामबागला जाताना एसटीत मी तीनदा वही उघडली,
मनगटावरच्या नव्या घड्याळाकडं बघावं
तसा तोच आकडा बघितला.

विषय साधाच होता :
कागदी पट्ट्या दुमडून अपूर्णांक शिकवले
तर पोरांना जास्त कळतात का.
शाळा जत तालुक्यातली, संखच्याही पुढं,
पोरं घरी कन्नडात भांडतात
आणि वर्गात मराठीत गप्प बसतात.

आवटी मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
टी-मूल्याकडं बघितलंसुद्धा नाही.
पहिल्या तक्त्यात अडतीस मुलं, म्हणाल्या,
दुसऱ्यात एकोणतीस.
नऊ कुठं गेली?

गैरहजर, म्हटलं.
ते हजेरीपटाला सांगा. मला सांगा, गेली कुठं?

ऊसतोडीला. वाळव्याकडं.
दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतो वस्तीवर.

मग माझ्याच पेन्सिलीनं
त्यांनी त्या नऊ जणांचे सप्टेंबरचे गुण मांडायला लावले,
एका रांगेत.
पाच, दोन, चार, सहा, तीन,
चार, एक, सात, चार.
एक म्हणजे लक्काप्पा. त्याला पाव भाकरी मोडता येत होती,
‘एकचतुर्थांश’ वाचता येत नव्हतं.
हे तक्त्यात कुठंच नव्हतं.

आता ही नऊ वगळा. उरलेल्यांची सप्टेंबरची सरासरी काढा.

अकरा पूर्णांक दोन.

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
ती सुरू होत नव्हती.

माझ्या तीन पूर्णांक सहाच्या वाढीतली
एक पूर्णांक सात
कुणाला काहीही न शिकवता झाली होती.
ढिगातली बारकी कणसं कुणी उचलून नेली
की ढीग टपोरा दिसतो,
कणीस एकही वाढलेलं नसतं.

शून्य घालू का त्यांच्यापुढं?
शून्य म्हणजे पेपर लिहिला आणि काही आलं नाही.
यांनी लिहिलाच नाही.
मग उरलेल्यांची सरासरी?
राहिलेल्यांसारखी असती, तर ती गेली असती का, पाटोळे?

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, प्यायल्या नाहीत.
शिवाय, तुलनेला दुसरा वर्गही नाही तुमच्याकडं.
पाच महिन्यांत पोरं पट्ट्यांशिवायही थोडी पुढं सरकतात.
तेही लिहा.

परतीच्या गाडीत वही उघडली नाही.
मिरज गेलं, कवठेमहांकाळ गेलं,
मी उगाच चिडत राहिलो, मॅडमवर,
मग ट्रॅक्टरवर,
मग त्या सातवर, जो राहिला असता
तर पंधरा झाला असता असं मला अजून वाटतं.
वाटणं तक्त्यात भरत नाहीत.

पुढच्या रविवारी मोटरसायकल काढून फडावर गेलो.
पिशवीत नऊ पेपर होते.
पाचटाच्या धुरळ्यात रेवणसिद्ध मोळ्या बांधत होता,
गुरुजी म्हणाला आणि हात विजारीला पुसले.
मी पिशवी उघडली नाही.
तिथं बसून सोडवलेला पेपर
वर्गातल्या पेपरासारखा नसता,
हे कारण खरं होतं.
एकमेव नव्हतं.

प्रबंधात लिहिलं : वाढ एक पूर्णांक नऊ, एकोणतीस मुलांची,
जी दोन्ही वेळा हजर होती.
खाली नऊ जणांची रांग, नावांशिवाय, कारणासकट.
बाहेरून आलेले परीक्षक पान उलटत म्हणाले,
एवढीच?
एवढीच, म्हटलं.
मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

एप्रिलमध्ये मल्लव्वा परत आली, केस तांबूस झालेले.
दारातच म्हणाली,
सर, माझा पेपर राहिलाय.

आता तो कशातच धरता येणार नव्हता.
दिला.
तिनं पट्टी मागितली, दुमडली, उलगडली, परत दुमडली.
मधल्या सुट्टीत शाई संपली, तर दुसरा पेन मागून घेतला.

संध्याकाळी तपासला.
किती मिळाले ते मी इथं लिहीत नाही,
एका मुलीचा आकडा आहे,
त्यावरून काही सिद्ध होत नाही.
तिला मात्र सांगितला.
तिनं पुन्हा विचारला, मग कन्नडात
स्वतःशीच एकदा म्हटला.