चोविसावं भोक

फाटकावरच्या पाटीवर लिहिलंय: निसर्ग उद्यान,
वेळ सकाळी सहा ते सायंकाळी सहा,
तळ्यात उतरू नये, खोली नव्वद फूट.
नव्वद नाही. एकशे चार.
शेवटचे चौदा फूट आम्ही रात्रीचे काढले होते, कागदावर न घेता,
ते अजून कागदावर नाहीत.

धुळ्याहून साक्री रस्त्याने आलात
की वळणाआधी डाव्या हाताला एक डोंगर लागायचा.
मोठा नव्हता. आम्ही त्याला बोडखी म्हणायचो.
शहरातली पोरं विचारतात, आजोबा, डोंगर गेला कुठे?
झोपलाय म्हणतो, हमरस्त्यावर, डांबराचं पांघरूण घेऊन.
तुम्ही त्याच्याच पाठीवरून आलात.

पंप बंद झाला आणि पाणी आपसूक चढलं.
ठेकेदाराचा एक कॉम्प्रेसर तळाशीच राहिला.
पाणकावळा बुडी मारतो, कितीतरी वेळ वर येत नाही,
मला वाटतं
हजेरी लावून येत असेल.

झाडं लावायला वनखात्याचे वळवी साहेब आले.
कुदळ मारली, ठिणगी उडाली. पहार वाकली.
रोपं पिशव्यांमध्ये वाळत चालली
तेव्हा कुणीतरी माझं नाव सांगितलं:
वेडू धोत्रे, ड्रिलवाला, घरीच असतो, खोकत.

मी खडक हाताने चाचपला.
सहा फुटांवर एक, रांगेआड रांग तिरकी,
बारासाठी मारायचो तशीच भोकं मारली,
दुसरं काही येतच नाही या हातांना.
फक्त कांडीच्या जागी शेणखत,
वातीच्या जागी अंजनाचं रोप.
साहेब म्हणाले, अंजन वर दिसत नाही, चार वर्षं गुडघ्याला लागत नाही,
खाली मात्र दगड फोडत जातं.
म्हटलं, म्हणजे बारच की, साहेब. वात तेवढी लांब.

दुपारी एक वाजता अजून माझा हात खिशात शिट्टी शोधतो.
तीन शिट्ट्या, लाल फडकं, मग कान देऊन मोजायचं.
चोवीस भोकं भरली तर चोवीस आवाज.
त्या दिवशी तेवीस झाले.
मी म्हटलं, थांबा. अर्धा तास कुणी हलायचं नाही.
मुकादम म्हणाला, ट्रक उभा आहे.
दित्या पावरा, सतरा वर्षांचा, पायात नवी चप्पल,
"मी देखी येस," म्हणाला
आणि गेला.
चप्पल सापडली.
चोविसावा आवाज मी अजून मोजलेला नाही.

आता पहिल्या रांगेत चोवीस रोपं.
आखाजीचं ऊन खाऊनही तेवीस हिरवी राहिली,
एक काडी झाली.
साहेब वही घेऊन आले: मेलेलं उपटा, दुसरं लावा,
गुरुवारी पाहणी आहे, आकडा पुरा दिसला पाहिजे.
माळ्याचा पोरगा खुरपं घेऊन पुढे झाला.

"थांब! आठे कोनी हात लावानं नही!"

आवाज माझाच होता, पण खाणीतला.
काठावरचे बगळे उठले.
पोरगा एक पाय उचललेला तसाच.
साहेबांनी वही मिटली, जरा वेळाने विचारलं, किती थांबायचं?
नियम अर्ध्या तासाचा, साहेब.
पण अंजनाचा अर्धा तास केवढा असतो
मला ठाऊक नाही.

तेव्हापासून रोज एकला त्या काडीशेजारी बसतो.
लोक फोटो काढतात, कुणी विचारतं संडास कुठे.
तांब्याभर पाणी घालतो, धार बारीक धरून,
खोकला आला तर तोंड वळवून खोकतो,
दगडाची भुकटी आहे आत, तिच्यावर पडायला नको.
मूळ आवाज करत नाही म्हणतात.
मी कान देऊन आहे.
फाटकाबाहेर
ट्रक उभा नाही कुणाचा.