चालतंय तरी

सूचना दीड पानाची आहे.
अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंतची बेअरिंगं
पुढच्या उड्डाणाआधी काढावीत.
'काढावीत' म्हणजे काढायचीच,
त्यावर चहा पीत चर्चा नाही.

गोंदूरच्या धावपट्टीवर शेडचा पत्रा तापून टणटणतोय,
ओल्या फडक्याशिवाय पान्हा हातात धरवत नाही.
इंजिनाच्या पोटात कोपरापर्यंत हात,
दुसऱ्या हातात छोटा आरसा,
आरशात उलटे आकडे:
सात, एक, चार.
यादीत आहे.

बाहेर जिनिंगवाल्या शेठचा माणूस येरझारा घालतोय.
उद्या दोंडाईच्याला नवरदेव आभाळातून उतरायचाय,
वावरात चुन्याचा गोल आखून झालाय,
पाकळ्यांची पोती नाशिकहून निघालीत.
"मॅडम, काल तर उडलं ना हे?
आवाज आला का काही?"
नाही आला.
तेच तर लिहिलंय दीड पानात,
की आवाज येत नाही.

माझे आप्पा, हिलाल मिस्त्री,
पारोळ्याला पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचे.
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटून ऐकायचे
आणि सांगायचे, अजून एक उन्हाळा काढेल.
टाकलं काहीच नाही त्यांनी.
खाटेखाली डालडाचा डबा,
डब्यात ग्रीसमध्ये बुडवलेली जुनी बेअरिंगं,
दिवाळीला काढून पुसायची, परत ठेवायची.
"चालस ना? मंग कसाले बदलस?"

विहिरीवरचा पंप बंद पडला
तर माणूस एक शिवी हासडतो आणि जेवायला जातो.
लळिंगच्या किल्ल्यावरून जाताना
हे बंद पडलं
तर जेवायला जाता येत नाही.

काढलं.
बोटावर फिरवून पाहिलं.
कुठे खरखर नाही, डाग नाही,
फिरतच राहिलं, मी बघतेय म्हणून जणू.
कुणावर उगाच आळ घ्यावा
तसं झालं मला.

पुन्हा कुणी बसवू नये असं करून टाका,
असंही लिहिलंय खाली, बारीक अक्षरात.
शेडमागच्या दगडावर ठेवून घण घातला.
एका घावात काम झालं होतं.
आप्पांच्या डब्यात शोभलं असतं,
म्हणून दुसरा घातला.

नवं गुरुवारी येईल.
नवरदेव बोलेरोतून गेला म्हणे, पाकळ्या
टपावरून उधळल्या पोरांनी.
नोंदवहीत मी जुना क्रमांक लिहिला, वेळ लिहिली,
सही केली, घामानं शाई थोडी फुटली.

रात्री आप्पांचा फोन.
आज काय केलं?
चांगलं बेअरिंग फोडलं, म्हटलं, एक.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
स्क्रूड्रायव्हर कानाला लावल्यावर असायचं तसं.
मग म्हणाले,
"तुकडा फेकू नको.
आठे लई ये."