वाळतंय

तानेलने टाम्पेरेहून येऊन हे बसवून दिलं.
त्याच्या कचेरीत चाळीस माणसं
यावर लिफ्टचे दरवाजे बनवतात.
"आई, आता विसरणं बंद," म्हणाला,
आणि परतीची बोट पकडली.

चाळीस माणसांचं घर होतं ते.
मी एकटीच आत शिरले, विल्यांदीच्या माझ्या दुकानातून,
हाताला मेण, नखांत राळ.
पहिला रकाना: काम कोणाकडे सोपवायचं?
यादीत एकच नाव, लैदा.
मी लैदाकडे सोपवलं.
लगेच लैदाला मेल आला,
लैदाने तुम्हाला एक काम दिलं आहे.
हसले. मग जरा बरंही वाटलं,
इतक्या आदबीने मला कोणी काम सांगितलं नव्हतं.

दुसरा रकाना मुदतीचा.
काल्यूचा अकॉर्डियन, सदुसष्ट सालचा,
भाता फाटलेला, आत उंदराने मांडलेला संसार.
त्याला मुदत काय घालणार?
"कधी देशील?" म्हटलं की मी सांगत आले,
"बटाटे निघाले की."
आणि बटाटे निघाले की दिलेला आहे, विचारा कोणालाही.
यंत्राला बटाटे कळेनात.
तारीख मागितली, दिली, चुकली,
आणि सगळा पडदा लालेलाल,
गोवर आल्यासारखा.

एप्रनच्या खिशात माझी वीस वर्षांची पद्धत होती,
औषधाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली:
उजेड असेपर्यंत.
दिव्याखाली.
कोणी गप्पा मारायला बसलं असताना, कारण
सुराला एकांत लागतो, बटणं घासायला लागत नाही.
मी "प्राधान्य" खोडून "उजेड" लिहिलं.
तातडीचं आणि सवडीचं होतं तिथे
खिडकी, दिवा, अंधार.
डिसेंबरात खिडकी तीनलाच मिटते इथे,
जूनमध्ये मिटता मिटत नाही,
हे मात्र त्याला समजावता आलं नाही.
ते मी लैदाकडेच ठेवलं.

उरल्या तीन खोल्या: करायचंय, चालू आहे, झालं.
पण चामड्याखाली लावलेला सरस
यांतल्या कुठल्या खोलीत राहतो?
मी काही करत नाहीये, आणि काम थांबलेलंही नाही.
हात लावला तर बिघडेल.
दोन संध्याकाळी खटपट करून चौथी खोली बांधली,
नाव दिलं, वाळतंय.

आधी तिथे कामाचीच वस्ती.
काल्यूचा भाता, दोऱ्याने आवळून.
शाळेच्या वाद्याचे दोन पट्टे.
मग एका रात्री "हेल्गीला फोन" हे कार्ड,
आईच्या शेताची वाटणी झाल्यापासून
चौदा महिने लाल होऊन पडलेलं,
बोटाने ओढत उजवीकडे नेलं
आणि त्या खोलीत सोडलं.
लाली उतरली.
त्यामागून आणखी दोन-तीन कार्डं गेली.

नाताळात तानेलने ते पाहिलं.
"हे काय? इथून कामं बाहेर कधी पडतात?"
"बोटाची मागची बाजू लावायची.
गार लागलं तर ओलं आहे.
कोमट लागलं की वाळलं."
"हे सिस्टिमला कसं कळणार?"
"नाही कळणार."
तो खाली खाली सरकवत गेला, आणि थांबला.
तिथे लिहिलं होतं,
तानेलला त्याच्या बाबांबद्दल सांगणे.
काही बोलला नाही. कॉफी केली,
दूध उतू जाऊ दिलं.

तो गेल्यावर दोन दिवसांनी मेल आला:
तानेलने हे काम स्वतःकडेही घेतलं आहे.
पहिल्या रकान्यात आता दोन नावं.

मी बोटाची मागची बाजू पडद्याला लावली.
कोमट होता.
पण पडदा काय, नेहमीच कोमट असतो.