पट्ट्याची चावी

पुण्याच्या हॉटेलात दोन दिवस
नेतृत्व शिकून आले.
परतीच्या एसटीत वही मांडीवर उघडी.
'जे मोजता येतं तेच वाढवता येतं' –
माझंच अक्षर, खाली दोन रेघा.

तासगावच्या पुढं, कवठ्याच्या रस्त्याला आमची शेड.
बेदाणा पट्ट्यावरून वाहतो,
दोन्हीकडं सोळा बायका, काड्या वेचतात,
प्रत्येकीपुढं एक स्टीलची वाटी.
मी भिंतीवर तक्ता लावला.
जिच्या वाटीत जास्त काड्या तिला सोनेरी चांदणी,
पोरांच्या वहीवर बाई चिकटवतात तसली.
पहिली मिळाली शमशाद मुल्लाणीला.
तिनं नखानं खरवडून बघितली,
"आणि ही कुठं वटते?"
शेड हसली. मीही हसले,
वहीत लिहिलं: प्रतिसाद उत्तम.

पट्ट्याची चावी माझ्या केबिनमध्ये,
सासऱ्यांच्या वेळेपासून.
पंख्याच्या रेग्युलेटरसारखी गोल.
मी ती दोन घरं पुढं फिरवली.

वाट्या भरू लागल्या.
सकाळी साडेसातलाच बायका दारात,
पट्ट्याच्या तोंडाची जागा धरायला.
कुणाच्या पोरीला बघायला आले,
कुणाची म्हैस आटली,
ही रोजची बातमी बंद पडली.
मला वाटलं, शिस्त आली.

हौसाक्का शेंडगे तेवढी शेपटाकडंच बसायची,
जिथून बेदाणा पेटीत पडतो.
तिच्या वाटीत दिवसाकाठी
आठ काड्या, दहा. एखादा खडा.
महिनाभर एकही चांदणी नाही.
मी तिला पेट्यांना पट्टी मारायला पाठवलं.
ती काही बोलली नाही.
वाटी धुऊन पालथी घातली आणि गेली.

मग गुरुवारचा सौदा.
व्यापाऱ्यानं पेटीत कोपरापर्यंत हात घातला,
मूठ माझ्यापुढं उघडली.
हिरवा, लांब, मधाळ माल
आणि त्यात तीन काड्या, एक खडा.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
तो पुढच्या पेटीकडं वळला.
सौद्यात शिवी परवडते, पाठ परवडत नाही.

येताना गाडीत भाषण जुळवलं:
जबाबदारी, विश्वास, आपण एक कुटुंब.
सहा किलोमीटरांत तीनदा सुरुवात बदलली.
शेडमध्ये शिरले, पट्टा धडधडत होता,
शेपटाचं स्टूल रिकामं.
ओढणी कमरेला बांधून मी तिथं बसले.
भाषण तसंच राहिलं.

दाणे येतात, येतात,
काडी दिसते तोवर ती पेटीत.
सोळाजणींची नजर चुकवून आलेल्या काड्या या,
दाण्याच्याच रंगाच्या, दाण्याखाली दडून.
पाऊण तासात डोळ्यांतून पाणी.
वाटीत बघितलं:
चार.

पट्टी मारता मारता हौसाक्का बघत होती.
"अक्का, परत बसा."
तिनं पट्टीचा तुकडा दातानं तोडला.
"बसती की. पर चावी हितं आणून लावा.
पट्टा आमच्या डोळ्यानं चालू दे,
तुमच्या घड्याळानं न्हाई."
शमशाद मान खाली घालून म्हणाली,
"आणि ती चांदण्यांची पाटी काढा, भाभी.
माझ्याशी कुणी बोलंना झालंय."

शनिवारी वायरमन आला.

आता पट्टा कधी हळू होतो,
कधी मधेच थांबतो.
केबिनमध्ये आवाज बंद झाला
की माझा हात आपोआप भिंतीकडं जातो.
तिथं आता स्क्रूची चार भोकं.
बोट भोकावर ठेवून मी थांबते.
बाहेर कुणीतरी सांगत असतं,
मालनची म्हैस व्यायली,
रेडी झाली.
थोड्या वेळानं पट्टा सुरू होतो.

पुढच्या सौद्याचं काय, ते गुरुवारी कळेल.